विषयाच्या नावावर भाळू नकोस

एमएस्सीचं शेवटचं वर्ष लागलं की भेटेल तो विचारतो, "पीएचडी कशात करणार?" त्याला द्यायला एका शब्दाचं उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि चार वेळा दिलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. तू परवा म्हणालीस, "आत्या, ॲस्ट्रो." छान आहे. पण अर्ज भरायला बसण्याआधी थोडं ऐक. माझी सगळी नोकरी फिजिक्सच्या डिपार्टमेंटमध्ये गेली. पोरांची शिफारसपत्रं लिहिता लिहिता जे कळलं, ते सांगते.

विषयातलं रटाळ काम कोणतं, ते आधी विचार. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था शेजारी-शेजारी आहेत. दोन्हीकडे खगोलशास्त्रच. पण खोडदच्या जीएमआरटीच्या ३० अँटेनांचा डेटा घेऊन बसलेल्या मुलीचे आठवडे माणसांनीच केलेला रेडिओ गोंगाट निवडून काढण्यात जातात. दुसरा कोणी दुर्बिणीवर बसवायचं उपकरण जुळवतो. त्याचा दिवस लेन्स, डिटेक्टर आणि वेळेवर न आलेल्या सुट्या भागांत मोडतो. तिसरी कागदावर समीकरणं सोडवते आणि महिनाभरानं एक चिन्ह चुकलेलं सापडतं. चौथा कॉम्प्युटरवर दीर्घिका घडवतो, म्हणजे बहुतेक वेळ कोड कुठे अडकला ते शोधतो. चौघांचा विषय एकच, धंदे चार. शोध लागल्याचा आनंद सगळीकडे सारखाच असतो, आणि तो क्वचितच मिळतो. पाच-सहा वर्षं काढायची असतात ती त्या रटाळ कामात. त्यातलं कुठलं तुला सोसेल, किंबहुना मनापासून आवडेल, तीच तुझी शाखा.

गाजतंय म्हणून धावू नकोस. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोनं गुरुत्वीय लहरी पकडल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत बातमी जाहीर झाली. मग ज्याला त्याला त्याच विषयात जायचं होतं. पण आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपासच हे सिग्नल गोंगाटातून वेगळे कसे काढायचे, याचं गणित मांडत बसले होते. तेव्हा त्या कामाला वलय नव्हतं. आणि लायगोच्या त्या पहिल्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त नावं आहेत. म्हणून हा विषय घेऊ नकोस असं नाही. हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहायचंय, माणसं लागणारच आहेत. फक्त विचारून घे, 'या हजारांत माझ्या वाट्याला नेमकं काय येणार?'

संस्थेचं नाव पाहून थांबू नकोस, गाइडही बघ. नुसती संस्था पाहून अर्ज करणं म्हणजे घराणं पाहून होकार देणं आणि मुलाशी न बोलणं. गाइडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना फोन कर. "सर कसे आहेत?" असं विचारलंस तर सगळे "चांगले आहेत" म्हणतील. मोजता येईल असं विचार. महिन्यातून किती वेळा भेटतात? मसुदा दिला की किती दिवसांनी परत येतो? आधीच्या मुलांना पीएचडीला किती वर्षं लागली, आणि ती आता कुठे आहेत? मध्येच सोडून कोणी गेलं का? उत्तर द्यायला कोणी घुटमळलं, तर तेही उत्तरच समज.

कुठे किती लवकर ठरवायचं, ते समजून घे. युरोपात बऱ्याचदा जागेची जाहिरातच गाइड आणि प्रकल्पासकट निघते. तिथे अर्ज करतानाच विषय पक्का हवा. अमेरिकेत फिजिक्सला प्रवेश सहसा डिपार्टमेंटमध्ये मिळतो आणि गट नंतर ठरतो, तरी तू कुठल्या गटात बसशील हे निवड समिती अर्जात शोधतेच. आयुका-एनसीआरएत पहिलं वर्ष कोर्सवर्कचं, मग गाइड. जिथे सवड मिळते तिथे ती घ्यावी. पैशांचंही बघ. आपल्याकडे जेआरएफचे महिना ३७,००० रुपये जानेवारी २०२३ पासून ठरलेत, वर घरभाडं. पण फेलोशिप हातात पडायला उशीर होतो, म्हणून काही महिन्यांची तजवीज गाठीशी असू दे.

अर्जात फार अरुंद होऊ नकोस आणि फार पसरूही नकोस. 'लहानपणापासून ताऱ्यांची ओढ' हे वाक्य खोडून टाक. ते सगळेच लिहितात. एक प्रश्न लिही, तो सोडवायला कुठलं तंत्र लागतं ते लिही, आणि त्यातलं तू हातानं काय केलंयस ते लिही. फसलेला प्रयत्न असेल तर तोही चालतो, का फसला ते कळलं असेल तर. पण एकाच प्राध्यापकाकडे होऊ शकेल इतकं बारीक काही मागू नकोस. ते निवृत्त होतात, दुसरीकडे जातात, त्यांचा निधी संपतो. ज्या डिपार्टमेंटमध्ये तुला चालतील अशी तीन तरी माणसं नाहीत, तिथे अर्ज करू नकोस. असतील तिथे त्या तिघांना आधी चार ओळींची ईमेल टाक, यंदा विद्यार्थी घेणार का म्हणून. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.

अमेरिकेच्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एवढं कर. मनात असलेल्या तीन गाइडांचा एकेक ताजा पेपर अर्काइव्हवरून उतरवून घे. सारांश आणि निष्कर्ष सोड. ते सगळ्यांचेच वाचायला बरे वाटतात. मधला, 'हे कसं केलं' सांगणारा भाग वाच. सगळं कळायची गरज नाही. पण वाचताना 'हे मी वेगळं करून पाहिलं असतं' असं एकदा तरी वाटलं, तर तिथे अर्ज कर. तिन्ही पेपरांत तो भाग पानं उलटून संपवलास, तर फी वाचव आणि शाखा बदल.