बांधावरचा साग, रात्रीचा चोर आणि 50 हजारांचा दंड

प्रश्न : वडिलांनी बांधावर लावलेल्या सागांपैकी दोन झाडं दिवाळीनंतर एका रात्रीत कापून नेली. ठाण्यात गेलो तर ‘झाडाची परवानगी घेतली होती का?’ असं मलाच विचारलं! झाड तोडल्यास 50 हजार दंडाचा कायदा येणार होता, तो आला का? तो चोराला लागतो की मालकाला? आमचे मिस्त्री म्हणतात, असे कायदे झाले की वखारीतलं लाकूड महागतं. हे खरं का?
— एक शेतकरी वाचक, सेलू तालुका (जि. परभणी)

उत्तर : चोरी तुमच्याकडे झाली आणि परवानगीही तुम्हालाच विचारली, याचं हसू येतं. पण तो प्रश्न अगदीच हवेतून आलेला नाही. आपल्याकडे झाड चोरणं हा एक गुन्हा आहे आणि झाड विनापरवाना तोडणं हा दुसरा. दोन्हींचे कायदे वेगळे, खाती वेगळी आणि बहुतेक वेळा आरोपीही वेगळे. चावडीवर मात्र दोन्ही एकाच नावानं ओळखले जातात, ‘लाकूडचोरी’.

आधी चोरी पाहू. जमिनीत मुळं धरून उभं असलेलं झाड कायद्याच्या भाषेत चोरता येत नाही, कारण चोरी फक्त हलवता येणाऱ्या वस्तूची होते. करवतीनं खोड जमिनीपासून सुटलं की ते ‘हलवता येणारं’ झालं आणि त्याच क्षणी चोरी घडली. जुन्या दंड संहितेत हे उदाहरणासकट दिलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही ते आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यात मालकानं कोणाची परवानगी घेतली होती की नाही, याचा काही संबंध नाही.

नव्या संहितेत एक मेख मात्र आहे. चोरलेल्या मालाची किंमत 5 हजारांच्या आत असेल, तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. तेव्हा ‘दोन झाडं गेली’ एवढंच सांगून भागत नाही. ती केवढ्याची होती, हे कागदावर यावं लागतं.

आता परवानगी. 1964 चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतचा अधिनियम खासगी जमिनीवरच्या झाडांनाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, अंजन अशी नावं आहेत. यातलं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ आणि कडुलिंब या यादीत नाहीत. ‘झाड माझं, मग विचारायचं कुणाला?’ हा समज म्हणून अर्धाच खरा. मालकी तुमचीच, तोडण्याचा हक्क मात्र अटींचा. उलट जायकवाडीच्या कालव्याकाठची बाभूळ कोणी कापून नेली, तर यादीत नसूनही ती सरकारच्या मालाची सरळ चोरीच. शहराच्या हद्दीतल्या झाडांसाठी 1975 चा निराळा कायदा आहे, त्यात इथे शिरत नाही.

तुमचा 50 हजारांचा प्रश्न या 1964 च्या कायद्याबद्दलचा आहे. त्यातला दंड होता 1 हजार रुपये. साठ वर्षांपूर्वी ती रक्कम जबर होती. आज सागाचा ओंडका गाडीत चढवणाऱ्या हमालांच्या मजुरीतही ती पुरत नाही. म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दंड 50 हजारांवर नेण्याचं ठरवलं आणि विधेयक आलं. पण त्याला आमदारांचा विरोध झाला. विरोधात कोकणातले आघाडीवर होते, कारण तिथलं पुष्कळ जंगल खासगी मालकीचं आहे आणि लाकूडतोड हा शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा भाग. अखेर 2025 मध्ये सरकारनं ते विधेयक मागे घेतलं. म्हणजे तो कायदा आलेला नाही.

आला असता तरी तुमच्या चोराला त्यानं फार धाक बसला असता, असं मला वाटत नाही. या दंडात सापडतो तो ठावठिकाणा असलेला माणूस: ज्याचा सातबारा आहे, जो दिवसाढवळ्या झाड तोडतो आणि वाहतुकीचा पास मागायला कार्यालयात जातो. रात्री करवत घेऊन येणाऱ्याला पकडायचं असेल, तर लाकडाच्या वाटेवर पहारा हवा.

तो पहारा कागदोपत्री आधीपासून आहे, आणि मिस्त्रींच्या शंकेचं उत्तरही तिथेच आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार इमारती लाकूड जंगलातून आलेलं असो वा शेतातून, ते ‘वनोपज’च. शिवाय कलम 69 सांगतं की, मालकीचा वाद उद्भवला तर उलट सिद्ध होईपर्यंत वनोपज सरकारचं धरायचं. एरवी आरोप करणाऱ्यानं तो सिद्ध करायचा असतो. इथे लाकूड ज्याच्याकडे सापडलं त्यानं आपलं इमान सिद्ध करायचं. म्हणून वाहतूक पास लागतो, ज्याला वखारीवाले ‘टीपी’ म्हणतात. गाडीला जसं आरसी बुक, तसा ओंडक्याला पास. ठरावीक जातींना त्यातून सूट आहे, सागाला नाही. पास नसेल तर माल जप्त होतो, वाहनही सरकारजमा होऊ शकतं.

आरा गिरण्यांवरही अशीच नजर आहे. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशापासून सॉ मिलचा परवाना ही सहज मिळणारी गोष्ट राहिली नाही. 2016 पासून राज्यस्तरीय समितीकडून परवाने ठरतात. गिरणीवाल्याला कच्चा माल कुठून येणार, हेही दाखवावं लागतं.

मग लाकूड महागतं का? थोडं महागतं, पण दंडामुळे नव्हे. परभणीत जंगल तुटपुंजं, जिंतूरच्या डोंगराकडे काय असेल तेवढंच. इथलं स्थानिक लाकूड मुख्यतः बांधावरचं. त्याच्या परवानगीला आणि पासला हेलपाटे पडले की शेतकरी कंटाळून उभं झाड व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देतो. कागदांची दगदग व्यापारी घेतो आणि फरक खिशात टाकतो. सचोटीचा वखारवाला मग बल्लारशाच्या लाकूड आगारातल्या लिलावाकडे किंवा परदेशी पाइनकडे वळतो, आणि तो भाडेखर्च तुमच्या चौकटीच्या बिलात येतो. चोरीचं लाकूड मात्र बिनपासाचं, म्हणून स्वस्त. म्हणजे कायदा पाळणाऱ्याचा माल महाग आणि मोडणाऱ्याचा स्वस्त, अशी ही गंमत आहे. युरोपीय संघानं 2013 पासून बेकायदा लाकूड बाजारात न आणण्याची जबाबदारी पहिल्यांदा माल आणणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकली. आपल्याकडे तिचा बराच भार अजून झाड लावणाऱ्यावर आहे.

तो हलका करायचा एक प्रस्ताव आहे. जून 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं शेतजमिनीवरच्या झाडतोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले. त्यांत लागवडीची नोंद पोर्टलवर करायची आणि 10 पर्यंत झाडं तोडायची असतील तर फोटो टाकून अर्ज करायचा, अशी कल्पना आहे. नमुना नियम राज्यानं स्वीकारले तरच लागू होतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

तुमच्या दोन सागांपुरतं सांगायचं, तर फिर्याद चोरीची द्या, विनापरवाना तोडीची नव्हे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाही लेखी कळवा, म्हणजे पुढे तोड तुम्हीच केली असं कोणी म्हणणार नाही. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करता येते, उरलेल्यांची लगेच करून घ्या. आणि जमिनीत राहिलेले बुंधे पंचनामा होईपर्यंत उकरू नका. त्यांचा घेर मोजूनच गेलेल्या लाकडाचा अंदाज बांधतात, आणि किंमत 5 हजारांच्या वर जाते की नाही हे त्या मापावर ठरेल.