दुखणे एकाचे, विचार साऱ्या घराचा



पावसाळ्यात काळ्या रानातली मिरची पिवळी पडू लागली, की नवखा शेतकरी घाईने युरिया टाकतो. जाणता शेतकरी मात्र आधी बांधावरून फिरून पाणी कोठे तुंबले आहे ते पाहतो. मुळांना हवा मिळत नसेल तर वर कितीही खत घातले तरी पान हिरवे होत नाही. त्यासाठी चर काढून पाणी वाहते करावे लागते.

माणसांच्या काही दुखण्यांचेही असेच असते. ती दिसतात एका माणसात, पण ती वाढतात किंवा कमी होतात घरातल्या सर्वांच्या वागण्याप्रमाणे. म्हणून रोग्याला एकट्याला न बोलावता सर्व घराला एकत्र बसवून उपचार करण्याची एक पद्धत गेल्या सत्तर वर्षांत रूढ झाली आहे. तिला कौटुंबिक उपचारपद्धती म्हणतात. तिची ओळख आम्ही या पाठात करून देत आहोत.

एका घराचे उदाहरण

एक घर कल्पू या. घरात आजी, आई, बाबा, काका आणि अकरा वर्षांची मुलगी आहे. दोन महिन्यांपासून शाळेच्या वेळी मुलीचे पोट दुखते. डॉक्टरांनी तपासले, जंतांचे औषध दिले, लघवी तपासली, काही निघाले नाही. रविवारी पोट दुखत नाही. यावरून मुलगी ढोंग करते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. काळजीनेही पोट खरोखरच दुखते.

आता सकाळी काय घडते ते पाहू. पोट दुखू लागले की बाबा रागावतात. ते रागावले की आई मुलीला जवळ घेते व शाळा चुकवू देते. आई अशी नरम वागते म्हणून बाबा आणखी कडक होतात आणि ते कडक होतात म्हणून आई आणखी नरम होते. आजी ओवा व गूळ घेऊन येते आणि "माझ्या नातीला कुणी बोलायचं नाही" असे बजावते. मग नवराबायकोचे भांडण आजीकडे वळते.

आईला विचारले तर ती म्हणेल, "हे ओरडतात म्हणून मला मध्ये पडावं लागतं." बाबा म्हणतील, "ही लाडावते म्हणून मला ओरडावं लागतं." दोघेही खरेच बोलतात, पण प्रत्येकजण रहाटाच्या चाकाचा आपल्यापुढचा तेवढाच भाग पाहतो. या उपचारपद्धतीचा पहिला धडा हाच, की सुरुवात कोणी केली हे शोधत बसू नये, चाक कसे फिरते ते पाहावे. कारण चाक थांबवायला कोणीही एकाने आपले पाऊल बदलले तरी पुरते.

फिलाडेल्फियाची मधुमेही मुले

अर्जेंटिनातील एका खेड्यात १९२१ साली जन्मलेले डॉक्टर साल्व्हादोर मिनुचिन हे पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बालमार्गदर्शन केंद्राचे प्रमुख झाले. तेथे काही मधुमेही मुलांनी डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. रुग्णालयात इन्सुलिनने त्यांची प्रकृती ठीक राही, पण घरी गेल्यावर तेच इन्सुलिन चालू असूनही रक्तात आम्ल वाढे आणि मूल पुन्हा रुग्णालयात येई.

मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांना एका खोलीत बसवून त्यांच्यातील मतभेदाचा विषय बोलायला लावला. मूल एका खास काचेपलीकडून ते पाहत असे. नंतर मुलाला आत आणले जाई. या वेळात सर्वांचे थोडे थोडे रक्त घेऊन त्यातील स्निग्धाम्ले मोजली. मनावर ताण आला की ती वाढतात. मुलांची स्निग्धाम्ले आईवडिलांचे भांडण पाहताना वाढली आणि ते संपल्यावरही लवकर उतरली नाहीत. उलट, मूल आत आल्यावर आईवडिलांचा ताण पुष्कळदा उतरताना दिसला. दोघांचे लक्ष मुलाकडे जाई आणि आपसातला प्रश्न बाजूला पडे. हे काम १९७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

तपासलेली मुले थोडी होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. लहान मुलांचा मधुमेह भांडणाने होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातील पेशींवर उलटते म्हणून तो होतो, आणि इन्सुलिन एक दिवसही बंद करता येत नाही. घराच्या वागण्याने आजार सांभाळणे सोपे किंवा कठीण होते, एवढाच याचा अर्थ घ्यावा.

मिलानची प्रश्न विचारण्याची रीत

इटलीतील मिलान शहरात मारा सेल्विनी पालाझ्झोली यांनी १९६७ साली कौटुंबिक उपचाराचे केंद्र काढले. तेथे सबंध कुटुंब खोलीत बसे आणि काचेमागे बाकीचे उपचारक ऐकत. दोन बैठकांमध्ये साधारण एक महिना जाऊ देत, कारण बदल घरात घडायचा असे, खोलीत नव्हे.

त्यांची प्रश्नांची रीत शिकण्यासारखी आहे. "तुला काय होते?" असे रोग्याला विचारण्याऐवजी ते तिसऱ्याला दोघांविषयी विचारत. आपल्या उदाहरणात काकांना असे विचारता येईल: "मुलीचे पोट दुखते तेव्हा तिच्या आईबाबांचे बोलणे वाढते की कमी होते?" किंवा आजीला: "ही उद्या बरी झाली, तर घरात सर्वांत जास्त मोकळे कोणाला वाटेल?" अशा प्रश्नाने आरोप होत नाही आणि प्रत्येकाला घर दुसऱ्याच्या जागेवरून दिसते. समजा काका म्हणाले, "खरं सांगायचं तर रानाच्या वाटणीचा विषय निघाल्यापासून हे सुरू झालं." म्हणजे मुलगी रात्री सारे ऐकत होती. आपण शाळेत गेल्यावर घर मोडेल अशी धास्ती तिने घेतली होती, आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती.

दोष कोणाचाही नव्हे

एके काळी काही विद्वानांनी मुलांच्या मानसिक आजारांचे खापर आयांवर फोडले. त्यामुळे पुष्कळ घरांचे हाल झाले. आजचे ज्ञान तसे सांगत नाही. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ साली ८० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण आहाराच्या विकारांचे होते. त्यांत अन्न टाकून हाडांचा सापळा होणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. ज्यांचा हा आजार लहान वयात सुरू झाला होता व त्याला तीन वर्षे झाली नव्हती, त्यांना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासह उपचाराचा अधिक गुण आला. या पद्धतीत आईवडिलांना दोषी न मानता, दोघांनी एकमताने मुलीला जेवू घालावे यासाठी त्यांना बळ दिले जाते. घर हे आजाराचे कारण नसले तरी औषधाचा भाग होऊ शकते.

आपल्या देशातील अनुभव

आपल्याकडे हा विचार परका नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉक्टर विद्या सागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि आजार कसा सांभाळावा हे त्यांना शिकवले. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही रोग्याबरोबर घरच्या माणसाने राहण्याची प्रथा त्याच काळात सुरू झाली. बेळगाव भागातील वाचकांना बंगळूरची निम्हान्स संस्था ठाऊक असेलच. तेथे कुटुंबांसाठी वेगळा विभाग आहे.

घरी काय करावे

१. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये.

२. सात दिवस एका वहीत लिहावे: दुखणे केव्हा सुरू झाले, त्या वेळी कोण काय बोलले, नंतर काय झाले. कोण चुकले हे लिहू नये.

३. आईवडिलांनी मुलासमोर एकच नियम सांगावा. आमच्या उदाहरणात असे ठरवता येईल, की सकाळी ताप पाहून मुलीला शाळेत पोहोचवण्याचे काम बाबांचे, तेही न रागावता. आईने त्यात पडू नये. पहिले काही दिवस अर्धी शाळा चालेल, पण शाळा पूर्ण बंद ठेवू नये. आजीने लाड करावेत, ते संध्याकाळी, मूल बरे असताना.

४. मुलाला निरोप्या करू नये. "तुझ्या बापाला सांग" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. वाटणीसारखे विषय मोठ्यांनी मुलांच्या कानाआड बोलावेत, आणि निर्णय झाल्यावर मुलांना सोप्या शब्दांत सांगावा.

५. घरात मारहाण किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर सर्वांना एकत्र बसवणे धोक्याचे आहे. अशा वेळी आधी त्या माणसाला सुरक्षित करावे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मनाच्या आजाराविषयी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तो मराठीत व कानडीतही मिळतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणी आजारी पडले की कोण जवळ येते आणि कोण दूर जाते?

२. घरातले कोणते भांडण मुलांच्या दुखण्याने थांबते?

३. उद्या सकाळी आपण स्वतः एकच पाऊल वेगळे टाकायचे ठरवले, तर ते कोणते?

यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणाला विचारू नये. बाकीचे दोन मात्र रात्री जेवणे झाल्यावर घरात सर्वांना जरूर विचारावेत, आणि सर्वांत लहानाला आधी बोलू द्यावे.