नातवाचं पडसं, आजीचा दम

पाळणाघरात जाणाऱ्या नातवाचं नाक वाहू लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजी खोकायला लागते आणि आठवडा सरायच्या आत तिला न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. बंगळुरूजवळच्या होसकोट्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत हे मी दर पावसाळ्यात पाहतो. मुलगा-सून कारखान्यात कामाला, आईवडील सांगली-साताऱ्याकडून नातवंडांसाठी आलेले. आजीने जन्मात बिडी ओढलेली नसते, पण अर्धं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं असतं. श्वासनलिका कायमच्या आकसवणारा सीओपीडी हा विकार त्या धुरानेही होतो.

जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूत दोन तान्ह्या बाळांमध्ये एचएमपीव्ही सापडला, तेव्हा अनेक घरांत घबराट पसरली. वास्तविक हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि पुण्यातल्या मुलांत तो आढळल्याची नोंद २००४ मध्येच प्रसिद्ध झाली. नव्या नावाची धास्ती घेणारी मंडळी साध्या सर्दीकडे मात्र काणाडोळा करतात. सीओपीडीच्या रुग्णाचा दम सर्वाधिक वेळा वाढवतो तो हाच सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस. फ्लू आणि आरएसव्ही हे विषाणूही त्याच वाटेने येतात. आधीच अरुंद असलेल्या नलिकांना सूज येते, कफ साचतो, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि छाती भरल्यासारखी होते. त्यावर कधी जिवाणूंचाही संसर्ग होतो. असा मोठा झटका ओसरला तरी फुप्फुसाची ताकद पूर्वीइतकी भरून येईलच असं नाही. म्हणून ‘दोन दिवस बघू’ हे मला मान्य नाही.

दम नेहमीपेक्षा वाढला, कफ जास्त पडू लागला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फ्लू असेल तर त्यावरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं बरं. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका आणि मनाने लांबवू नका.

आता पंपाबद्दल, म्हणजे इनहेलरबद्दल. ‘सवय लागते’ म्हणून तो गावीच ठेवून आलेल्या आजी मला भेटतात. पंपाची सवय लागत नाही, पण रोजचा पंप बंद केला की झटक्यांची शक्यता वाढते. घेण्याची रीतही बघावी लागते. मी समोर घ्यायला सांगतो, तेव्हा आजी कळ दाबतात आणि औषधाचा पांढरा फवारा ओठांच्या फटीतून बाहेर येतो, आत जवळपास काहीच जात नाही. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांमधली नळी) लावा. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, कळ दाबून सावकाश आत ओढा आणि दहापर्यंत मोजेस्तोवर रोखून धरा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं काढतो. म्हणून फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये घ्या, दर वर्षी घ्या. न्यूमोनियाची लस झाली आहे का, तेही विचारा. घरात कोणाला सर्दी असेल तर त्याने मास्क लावावा, बाळाचं नाक पुसल्यावर हात साबणाने धुवावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जुन्या मद्रास रस्त्याला लागून घर असेल तर ट्रकांची वर्दळ असेल तेव्हा रस्त्याकडच्या तेवढ्या बंद ठेवा.

बरं वाटत असतानाचा ऑक्सिमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटं शांत बसून, नखाला रंग नसलेल्या उबदार बोटावर मोजा. तो आकडा तीन-चारने उतरला तर डॉक्टर गाठा. ८८ च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर घाबरून प्रवाह वाढवू नका. काही रुग्णांत जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषधही अशा वेळी घातक. रुग्ण दिवसा पेंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, ओठ निळसर दिसले, तर ‘रात्रभर झोप नव्हती, झोपू दे’ असं म्हणत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.