अंथरुणाचा विनय : घरातील अंथरूण-पांघरुणाची डोळस निवड

वसतिगृहात नवीन विद्यार्थी दाखल होतो तेव्हा त्याच्यासोबत दोन गोष्टी येतात : पत्र्याची पेटी आणि वळकटी. पेटीतील नवे कपडे, वह्या-पुस्तके पालक आम्हांला उत्साहाने दाखवतात. वळकटी मात्र संकोचाने कोपऱ्यात सरकवतात. कारण तिच्यात आजीने शिवलेली वाकळ असते. अलीकडे तिच्या जागी प्लास्टिकच्या वेष्टनातली फोमची गादी येऊ लागली आहे आणि ती मोठ्या मानाने आणली जाते. माणूस आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ अंथरुणावर घालवतो. वाढत्या वयाचे मूल त्याहूनही अधिक. म्हणून हा संकोच आणि हा मान, दोन्ही एकदा तपासून पाहावेत, असे आम्हांस वाटते.

संकोचाचे मूळ

या संकोचाला इतिहास आहे. मनुस्मृतीने चांडाळांच्या वाट्याला मृतांची वस्त्रे लावून दिली होती. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारकीचा हक्क मानला जाई. हक्क कसला, तो अपमानच होता. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छतेचा आणि मुलांच्या शिक्षणाचा आग्रहाने उपदेश केला. तेव्हा जुन्या कापडाविषयी आपल्या मनात अढी असणे स्वाभाविक आहे.

परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. भिक्खूही टाकून दिलेल्या चिंध्या वेचीत, धूत, रंगवीत आणि शिवून अंगावर घेत. त्यालाच पांसुकूल चीवर म्हणतात. लादलेली चिंधी ही गुलामगिरी होय. स्वेच्छेने, स्वच्छ करून वापरलेली चिंधी हा संयम होय. आपल्याच घरच्या सुती लुगड्यांची, आपल्याच आईने शिवलेली वाकळ या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिची लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही.

विनयातील दंडक

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासन, म्हणजे निवास आणि शयन-आसन, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. गादीत भरण्यासाठी तेथे पाच वस्तूंना अनुज्ञा आहे : लोकर, कापड, झाडाची साल, गवत आणि पाने. कापूस भिक्खूंना उशीपुरताच अनुज्ञात होता. गृहस्थाला ते बंधन नाही. गाद्या व उशा बाहेर काढून उन्हात घालाव्यात, झटकून स्वच्छ कराव्यात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवाव्यात, असाही दंडक आहे.

याच ग्रंथात कोसंबीचा राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद येतो. आनंदांना पाचशे वस्त्रे दान मिळाली. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींच्या जमिनीवरच्या बैठका, बैठकांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही झिजली की कुटून चिखलात मिसळून त्यांचा गिलावा करू. काहीही वाया जात नाही हे पाहून राजा प्रसन्न झाला. ज्याला आज ‘शाश्वत वापर’ म्हणतात, त्याचा याहून सोपा पाठ आम्हांला ठाऊक नाही.

यातून अंथरूण घेताना विचारावयाचे तीन प्रश्न मिळतात. आत काय भरले आहे हे आपल्याला ठाऊक आहे काय? ते धुता येते, उन्हात घालता येते काय? जुने झाल्यावर उसवून त्याचे दुसरे काही करता येते काय?

बाजारातील वस्तूंची परीक्षा

फोम : गादीतला फोम म्हणजे बहुधा पॉलियुरेथेन, तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होतो. नव्या गादीला येणारा उग्र वास हा तिच्यातून बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील रसायनांचा असतो. फोम लवकर पेटू नये म्हणून परदेशांत त्यात पूर्वी जी ब्रोमीनयुक्त द्रव्ये घालीत, त्यांपैकी काहींना २००९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार बंदीच्या यादीत घालावे लागले. कारण ती शरीरात आणि निसर्गात साठून राहतात. शिवाय फोम धुता येत नाही आणि कुजतही नाही.

रेक्झिन : रेक्झिनचे वेष्टन बहुधा पीव्हीसीचे असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट वर्गातील द्रव्ये मिसळतात. ती कालांतराने बाहेर झिरपतात. घामही त्यात जिरत नाही.

इस्त्रीची गरज नसलेल्या चादरी : सुती कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून अनेकदा फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेचा लेप देतात. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. कोणतीही नवी चादर एकदा धुऊनच वापरावी.

डांबराच्या गोळ्या : नॅफ्थलीनच्या या गोळ्या पांघरुणांत ठेवण्याची सवय घरोघरी आहे. ज्या बाळाला जन्मतः जी६पीडी या विकराची कमतरता असते, त्याच्या तांबड्या रक्तपेशी या वाफेने फुटू लागतात आणि कावीळ वाढते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात किंवा गोधडीत या गोळ्या कधीही ठेवू नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि ऊन पुरेसे आहे.

निवड कशी करावी

घरासाठी पहिली पसंती सुती खोळीतल्या कापसाच्या गादीला द्यावी. ती दबली की पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरून घेता येते; कापूस तोच राहतो. घेताना शिवणीचा एक कोपरा उसवून आत खरा कापूस आहे की गिरणीतील रंगीत चिंध्यांचा भुगा, हे पाहावे. कोकणासारख्या दमट भागात कापूस ओल धरतो. तेथे काथ्याची गादी आणि वर सुती गोधडी हा मेळ बरा. उशीला सावरीचा कापूस उत्तम. तान्ह्या बाळाला मऊ, खोलगट गादी आणि उशी देऊ नये. सपाट व घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. गोधडी शिवताना सुतीच लुगडी घ्यावीत. आजच्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या असतात आणि त्यांत घाम जिरत नाही.

फोमची गादी घरात आधीच असेल, तर घाबरून ती फेकू नये. नवी असल्यास काही दिवस हवेशीर सावलीत मोकळी ठेवावी, रेक्झिन काढून जाड सुती खोळ घालावी. ती जाळू मात्र नये. जळत्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू निघतात.

कापूस पिकवणाऱ्यांचे काय?

आपल्या अंगाखाली विष नसले म्हणजे झाले, एवढ्यावर बौद्ध माणसाचा विचार थांबू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आपण व्यापारी नसलो तरी ग्राहक आहोत. ऐपत असेल त्यांनी सेंद्रिय कापसाचे कापड घ्यावे. त्यावर ‘गॉट्स’ हे प्रमाणचिन्ह शोधावे. ते मिळण्यासाठी किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात आणि कामगारांच्या स्थितीचीही तपासणी होते. ज्यांची ऐपत नाही, त्यांच्या हातीही एक उपाय आहेच : जे घरात आहे ते अधिक वर्षे टिकवणे. जी चादर आपण आणखी पाच वर्षे वापरतो, तिच्या बदली नव्या चादरीचा कापूस पिकवावा लागत नाही, त्यावर फवारणीही करावी लागत नाही.

वसतिगृहात रविवारी सकाळी मुले आपापली अंथरुणे अंगणात उन्हात घालतात. कोणाची उसवलेली कड मोठी मुले लहानांना टाके घालून देतात. आनंदांनी राजाला सांगितले ते हेच होते. पालकांना आमची विनंती इतकीच आहे की, पुढल्या जूनमध्ये वळकटी कोपऱ्यात लपवू नका. वाकळ घरची असेल, स्वच्छ असेल, तर ती आमच्यासमोर उलगडा आणि कोणाच्या लुगड्याची आहे तेही मुलाला सांगा.