पेरूचं हिरवं चिकन-भात सूप: घरी करायची पद्धत, आणि विकायचं असेल तर भाताचं काय करायचं



आधीच सांगतो, पेरू म्हणजे तिखट-मीठ लावून खायचा आपला पेरू नव्हे. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश, राजधानी लिमा. व्हिडिओत दाखवलेलं हिरवं सूप तिथलं. नाव 'अग्वादीतो दे पोयो'. पोयो म्हणजे कोंबडी. 'अग्वा' म्हणजे पाणी, म्हणून अग्वादीतो म्हणजे पातळसर, पाणीदार. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण माझी पहिली मोठी ऑर्डर याच शब्दावर बुडाली.

एका ऑफिसमधून दुपारच्या जेवणासाठी ३० वाट्यांची ऑर्डर आली होती. घरी मी हे सूप पाच-सहा वेळा केलेलं, खाणाऱ्यांनी भांडं पुसून खाल्लेलं, त्यामुळे मी निर्धास्त. सकाळी साडेदहाला मोठं पातेलं तयार, अकराला डबे भरले, सव्वाला पोहोचले. दीडला फोन आला: "सर, आम्ही सूप सांगितलं होतं, तुम्ही खिचडी पाठवलीत." मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. घरी राहिलेला एक डबा उघडला तर चमचा उभा राहत होता. भाताने सगळं पाणी पिऊन टाकलेलं. कोथिंबिरीचा हिरवागार रंग जाऊन तळ्यातल्या शेवाळासारखा झालेला. चव चांगलीच होती हो, पण लोकांनी चवीआधी डबा पाहिला. पैसे परत केले. त्या ऑफिसचा पुन्हा फोन आला नाही.

म्हणून आज रेसिपीही देतो आणि तिथे माझं काय चुकलं तेही सांगतो. घरी करून लगेच खायचं असेल तर निम्मा लेख पुरे. विकायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

लिमात हे कोण खातं?

घराघरांत करतात, खानावळींत मिळतं. पण याची खरी ओळख पहाटेची. लग्न, वाढदिवस, रात्रभर नाच-गाणं झालं की उजाडायच्या सुमारास पाहुण्यांना गरम अग्वादीतो देतात. त्याला लाडाने 'लेवांता मुएर्तोस' म्हणतात, म्हणजे मेलेल्याला उठवणारं! रात्रभर जागलेल्या (आणि थोडी घेतलेल्या) माणसाला काय हवं असतं? गरम, आंबट, तिखट, पोटाला आधार देणारं आणि चावायला फार कष्ट नसलेलं. हे सूप नेमकं तेच आहे. तुमच्या वस्तूचा ग्राहक कोण, तो ती कुठल्या वेळी खातो, हे एका टोपणनावात सांगता येत असेल तर जाहिरातीचं निम्मं काम झालं.

दुसरी जागा म्हणजे तिथली भाजलेल्या कोंबडीची दुकानं, पोयेरिया. 'पोयो आ ला ब्रासा' म्हणजे निखाऱ्यावर फिरवून भाजलेली कोंबडी. २००४ मध्ये पेरू सरकारने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिची सुरुवात १९५० मध्ये लिमाजवळच्या सांता क्लारा इथे झाली. रोजर शूलर नावाच्या स्वित्झर्लंडच्या माणसाची तिथे कोंबड्यांची शेती होती. धंदा नीट चालेना, कोंबड्या पडून. तेव्हा त्याने पाटी लावली, पाच सोलमध्ये हवं तेवढं चिकन खा, असं सांगतात. गर्दी एवढी झाली की भाजायला वेळ पुरेना. मग फ्रान्स उलरिक या कारागीर मित्राने त्याला एकाच वेळी अनेक कोंबड्या फिरवणारी भट्टी बनवून दिली.

आता गंमत बघा. दुकानात कोंबडी भाजली की मान, पाय, पेठा, हृदय हे सगळं उरतं. अनेक पोयेरियांत त्याचाच अग्वादीतो करतात आणि भाजलेल्या कोंबडीआधी छोटी वाटी फुकट देतात. फेकून जाणारा माल ग्राहकाच्या हातात गरम वाटी होऊन जातो, आणि कोंबडी येईपर्यंत तो कुरकुरत नाही. चिकनचा कुठलाही पदार्थ तुम्ही आधीच विकत असाल तर हे सूप वेगळा धंदा म्हणून बघू नका, उरलेल्या मालाचा उपयोग म्हणून बघा.

सहा वाट्यांचं प्रमाण

हाडासकट चिकन ९०० ग्रॅम, साधारण १५० ग्रॅमचे सहा तुकडे. मांडी आणि तंगडी घ्या, छातीचा तुकडा कोरडा पडतो. चिकनवाल्याकडून पाव किलो पाय आणि माना मिळाल्या तर उत्तम, रस्सा ओठाला चिकटेल इतका दाट येतो. पेठा चालतो, पण कलेजी रश्शात टाकू नका, रस्सा गढूळ आणि कडवट होतो.

कोथिंबीर दोन मोठ्या जुड्या, निवडून साधारण १०० ग्रॅम, कोवळ्या देठांसकट. दोन मध्यम कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरेपूड. दोन बटाटे, एक गाजर, अर्धी वाटी मटार, एक मक्याचं कणीस, अर्धी लाल ढोबळी मिरची. तांदूळ १०० ग्रॅम. लिंबं.

तिथली खरी मिरची 'आही आमारियो'. नावात पिवळी, पिकल्यावर नारिंगी, तिखट आणि फळासारख्या वासाची. पेरूच्या स्वयंपाकाचा तो कणा आहे. बाटलीतली पेस्ट मिळाली तर दोन मोठे चमचे वापरा. नाही तर एक पिवळी ढोबळी मिरची गॅसवर भाजून, साल काढून, दोन ओल्या लाल मिरच्यांबरोबर वाटा. चव जवळ जाते, तीच येत नाही. ग्राहकालाही तसंच सांगा, 'अस्सल' म्हणून विकू नका.

मक्याबद्दल एक सूचना. तिथला 'चोक्लो' मोठ्या दाण्याचा, पिठूळ असतो, गोड नसतो. आपला स्वीट कॉर्न घातला की सूप गोड लागतं. गावरान मक्याचं कणीस शोधा. लिंबाची मात्र काळजी नको, त्यांचं 'लिमोन सुतील' आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं.

कृती

चिकन, पाय-माना, अर्धा कांदा आणि मीठ सव्वादोन लिटर पाण्यात घाला. उकळी आली की वर येणारा फेस काढा आणि मंद आचेवर ३५ मिनिटं ठेवा. आपण मटण-चिकनचं अळणी काढतो तसंच हे. चिकनचे तुकडे बाहेर काढा, रस्सा गाळा. पावणेदोन लिटर मिळाला पाहिजे, कमी भरला तर गरम पाणी घाला.

आता 'आदेरेसो'. पेरूतला जवळजवळ प्रत्येक रस्सा इथून सुरू होतो. तीन चमचे तेलात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर १० ते १२ मिनिटं परता. आपल्या रश्शासारखा तांबूस करायचा नाही, मऊ आणि पारदर्शक हवा. मग लसूण, जिरेपूड, मिरचीची पेस्ट घालून पाच मिनिटं. घाई इथेच होते. कांदा कच्चा राहिला तर पुढे कितीही उकळा, तो वास जात नाही.

कोथिंबीर अगदी थोड्या पाण्यात वाटा. तिचे तीन भाग करा. दोन भाग आत्ता कांद्यात घालून, कडेला तेल दिसेपर्यंत तीन-चार मिनिटं परता. तिसरा भाग फ्रिजमध्ये ठेवा. काही घरांत वाटणात चार पानं पालकही घालतात, रंगाला बरं पडतं. हळद, गरम मसाला, खोबरं मात्र नको. छान लागेल, पण मग ते आपलं हिरवं चिकन होईल.

रस्सा ओता. उकळी आली की तांदूळ, बटाट्याच्या मोठ्या फोडी, गाजर आणि कणसाचे काप घाला. १२ मिनिटांनी मटार, ढोबळीच्या पट्ट्या आणि चिकन. आणखी पाच मिनिटं. गॅस बंद करून राखलेली कोथिंबीर ढवळा. लिंबू ताटात, पातेल्यात नाही. लगेच वाढा. घरच्यासाठी एवढंच.

आता विक्रीचं

तांदूळ शिजला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. पण गरम रश्शात तो पाणी ओढतच राहतो. झाकणबंद डब्यात दोन तास म्हणजे त्याला मोकळं रान. आणि भात अजिबात न घातलेला रस्साही चालत नाही, कारण या सूपला थोडा दाटपणा तांदळाच्या पिठूळपणातूनच येतो. मी हे असं सोडवलं: १०० ग्रॅमपैकी २५ ग्रॅम तांदूळ रश्शात आधी घालून पूर्ण विरघळेपर्यंत, साधारण अर्धा तास, उकळतो. बटाटे त्यानंतर. उरलेले ७५ ग्रॅम वेगळे, दाणा मोकळा राहील असे शिजवून, निथळून ताटात पसरतो. पॅकिंगमध्ये भात वेगळ्या छोट्या डबीत. झाकणावर चिठ्ठी: 'भात खाताना सूपात घाला.'

तांदूळ कुठला? इंद्रायणी नको, चिकट होतो. बासमतीचा वास कोथिंबिरीशी भांडतो. कोलम चांगला. लांब पाठवायचं असेल तर उकडा तांदूळ करून बघा. तो आधीच वाफवून वाळवलेला असल्याने दाणा जास्त वेळ टिकतो.

रंगाचा शत्रू उष्णता आणि आंबटपणा. दोन्ही एकत्र आले की हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून राखलेली कोथिंबीर डबे भरायच्या पाच मिनिटं आधी, आणि लिंबाची फोड डब्याबाहेर. ३० वाट्यांच्या वेळी मी चव 'मुरावी' म्हणून पातेल्यातच सहा लिंबं पिळली होती. शहाणपणा!

शिळ्या भाताबाबत थट्टा नको. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही जगतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जाईलच असं नाही. त्यामुळे भात त्याच दिवसाचा, पसरून लवकर गार केलेला, आणि उरलाच तर तासाभरात फ्रिजमध्ये. सूप गरम ठेवायचं असेल तर मी ७० अंशांखाली उतरू देत नाही, थर्मामीटर लावून बघतो. उद्यासाठी ठेवायचं असेल तर उथळ भांड्यांत ओतून, बर्फाच्या पाण्यात गार करून दोन तासांत फ्रिजमध्ये. आणि एफएसएसएआयची नोंदणी केल्याशिवाय पहिला डबाही विकू नका.

हिशोब करू. भाव समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. चिकन २४० रुपये किलोने २१६. कोथिंबीर ३०. कांदा, लसूण, मिरच्या ४०. बाकी भाज्या ५०. तेल, जिरं, मीठ, लिंबं २८. तांदूळ ६० रुपये किलोने ६ रुपये. एकूण ३७०, म्हणजे वाटीला साधारण ६२. डबा, डबी, चमचा, पिशवी १४, गॅस ५. झाले ८१. पाय-माना आणल्या तर त्यांचेही मिळवा.

१५० रुपयांना विकलंत तर नुसत्या मालावरच ४१ टक्के जातात. तुमचे दोन तास, डिलिव्हरी, न विकलेल्या वाट्या हे सगळं उरलेल्यातून काढायचं. मी १८० च्या खाली जाऊ नका म्हणेन. १८० परवडणारा ग्राहक तुमच्या भागात नसेल तर चिकनचा तुकडा १०० ग्रॅमचा करा, पण तसं मेनूवर लिहा. गुपचूप तुकडा लहान करू नका.

आणि त्या यादीत तांदळाची रक्कम पुन्हा बघा. ६ रुपये. याच भावाने माझ्या ३० वाट्यांत तांदूळ ३० रुपयांचा होता आणि माल १,८५० चा. त्या ३० रुपयांनी बाकी सगळं घालवलं.

या रविवारी सहा वाट्याच करा. चार घरच्यांना गरमागरम द्या. उरलेल्या दोन डब्यांत भरा, एकात भात आत, एकात भात बाहेर, आणि दोन्ही पिशवीत घालून ठेवा. दीड तासाने उघडा, शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. चव घ्यायला घरातल्याच माणसाला बोलावू नका. शेजारच्या काकूंना बोलावा, आणि कुठला डबा कसा भरला ते त्यांना सांगू नका.