काटा अडतो कुठे? स्मोकरची रचना आणि शिजण्याचा वेळ

'हीट ट्रान्सफर' म्हटलं की आपल्याला फिन्स आणि कंडेन्सरच आठवतात. पण याच विषयाचा एक झकास प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लाकडाच्या धुरावर रात्रभर शिजत असतो! ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा जाडजूड, चिवट तुकडा. तो साधारण ११० अंश सेल्सिअसला दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त ठेवतात. आतलं तापमान ९५ च्या आसपास गेलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन मांस मऊ पडतं.

गंमत अशी, की थर्मामीटरचा काटा आधी भराभर चढतो आणि ६५-७० ला अडून बसतो. तासन् तास! याला तिकडे 'स्टॉल' म्हणतात. नवखा माणूस इथे घाबरून जाळ वाढवतो, नाहीतर मांस काढूनच घेतो. मग पाहुण्यांच्या ताटात चामडं. सगळी उष्णता कोलॅजन विरघळण्यात जाते, असं पूर्वी बरेच जण सांगायचे. खरं कारण आपल्या माठाचंच आहे, बाष्पीभवन.

आकडे मांडून बघा. ५ किलो मांस ५ वरून ९५ अंशांवर न्यायचं. विशिष्ट उष्मा ३.५ धरला तर लागतात १५७५ किलोज्यूल. आणि त्यातलं फक्त १ किलो पाणी उडालं तर? जवळजवळ २३०० किलोज्यूल! म्हणजे मांस तापवण्यापेक्षा ते सुकवण्यातच उष्णता जास्त खर्च होते. म्हणून स्मोकर वाफेचं काय करतो, यावर वेळ ठरते.

टेक्सासचा लाडका ऑफसेट स्मोकर म्हणजे आडवं लोखंडी पिंप, एका बाजूला फायरबॉक्स, दुसऱ्या टोकाला चिमणी. पुष्कळ जण प्रोपेनची जुनी टाकी कापून तो बनवतात. चिमणीच्या ड्राफ्टने हवा सारखी वाहते आणि वाफ घेऊन जाते. आतली हवा कोरडी, म्हणजे वेट बल्ब तापमान कमी. मांसाचा ओला पृष्ठभाग त्याच्याच जवळपास रेंगाळतो. उलट जाड सिरॅमिकच्या कामाडोत भिंतीच उष्णता धरून ठेवतात. कोळसा थोडा, हवा थोडी, वाफ बरीचशी आतच. काटा दोन्हीकडे ११० च दाखवतो, पण तो ड्राय बल्ब! (सायक्रोमेट्रिक चार्ट पाठ करणाऱ्यांनी व्हायवाला हे उदाहरण द्यावं.)

उभ्या 'बुलेट' स्मोकरमध्ये निखाऱ्यांवर पाण्याचं पातेलं असतं. ते हवा दमट ठेवतं आणि तापमान उसळू देत नाही. ऑफसेटमध्ये मात्र फायरबॉक्सकडची बाजू जास्त तापते. त्यावर उपाय 'रिव्हर्स फ्लो'चा. खाली पोलादी पत्रा टाकून धूर आधी पलीकडच्या टोकाला न्यायचा, मग मांसावरून परत आणायचा. तापमान सारखं होतं, पण पत्रा तापेपर्यंत लाकूड जास्त जळतं.

स्मोकर बदलता येत नसेल तर स्टॉलच्या वेळी मांस फॉइलमध्ये गुंडाळतात. वाफ कोंडली की काटा पुन्हा चढू लागतो. फक्त वरची काळी, खुसखुशीत साल ओलावते. म्हणून बरेच टेक्सासवाले फॉइलऐवजी जाड खाकी कागद वापरतात. त्यातून थोडी वाफ निसटते, वेळ जरा जास्त लागतो, पण साल टिकते.