‘पॉझिटिव्ह’ : एका शब्दाची बहुरूपे

धरमपुरीसारख्या नर्मदाकाठच्या गावात वैद्यकी करणाऱ्याला दिवसभरात अनेक भाषांतून वावरावे लागते. घरी मराठी, दवाखान्यात हिंदी आणि निमाडी, आसपासच्या फळ्यांवरून येणाऱ्या रुग्णांशी मोडकीतोडकी भिली, आणि कागदावर इंग्रजी. या सर्व भाषांतून भाषांतर न होता जसाच्या तसा फिरणारा एक शब्द म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. तो सर्वांना ठाऊक आहे. परंतु बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि ऐकणाऱ्याच्या मनातील अर्थ एकच असतो असे मात्र नाही. व्याख्यानात ‘नेहमी पॉझिटिव्ह राहा’ असे ऐकून आलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या अहवालात तोच शब्द वाचून घाबरतो. एकाच शब्दाला असे परस्परविरोधी रंग कसे चढले, आणि त्याचा आपल्या व्यवसायाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ अर्थ : ‘ठेवलेले’

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘पोनेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ ठेवणे, स्थापणे. आपल्या ‘स्था’ धातूपासून जशी स्थिती, अवस्था, संस्था, व्यवस्था अशी मोठी प्रजा निर्माण झाली, तशीच या ‘पोनेरे’पासून पोझिशन, डिपॉझिट, कंपोझिशन, अपोझिट ही भावंडे जन्मली. टपालाची ‘पोस्ट’ आणि नोकरीतील ‘पोस्ट’ हीही त्याच कुळातील. ‘पोस्टमॉर्टेम’मधील ‘पोस्ट’ मात्र निराळी. तिचा अर्थ ‘नंतर’ एवढाच असून तिचे या घराण्याशी नाते नाही.

इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास हा शब्द प्रथम कायद्याच्या संदर्भात आला. निसर्गतः असलेला नव्हे, तर माणसांनी ठरवून घालून दिलेला नियम, तो ‘पॉझिटिव्ह’. जे ठरवून दिले ते स्पष्ट, जे स्पष्ट ते निःसंशय, या क्रमाने ‘मला पक्की खात्री आहे’ हा अर्थ आला. व्याकरणात विशेषणाच्या मूळ रूपालाही हेच नाव मिळाले. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत याने १८३० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत अनुभवाने पडताळता येणाऱ्या ज्ञानाला हे विशेषण लावले. ‘चांगले’ किंवा ‘आशादायक’ हा अर्थ या पहिल्या अर्थांत कोठेही नव्हता, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

धन, ऋण आणि होकार

गणितात शून्याहून मोठ्या संख्येला पॉझिटिव्ह म्हणू लागले. आपल्याकडे यासाठी फार जुना आणि नेमका शब्द आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले आहेत. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन याने विजेच्या दोन अवस्थांना हीच इंग्रजी जोडी लावली, आणि आपण त्यांना धनभार व ऋणभार म्हणू लागलो. पुढे छायाचित्रणातही निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह आले. विसाव्या शतकात, विशेषतः नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ मधील पुस्तकानंतर, ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ घरोघरी पोहोचले.

येथे मराठीची श्रीमंती दिसते. इंग्रजीच्या एका शब्दासाठी आपल्याकडे धन, होकारार्थी, सकारात्मक, निश्चित असे वेगवेगळे शब्द आहेत. ‘तुमचा अहवाल सकारात्मक आहे’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती शुभवार्ताच वाटेल.

वैद्यकातील पॉझिटिव्ह

आपल्या शास्त्रात या शब्दाला शुभही नाही आणि अशुभही नाही. हान्स ख्रिस्तियन ग्राम याने १८८४ मध्ये जंतू रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जांभळा रंग धरून ठेवणारे जंतू ग्राम पॉझिटिव्ह ठरले. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० मध्ये ऱ्हीसस घटकाचे वर्णन केले. तो घटक तांबड्या पेशींवर असला की रक्तगट पॉझिटिव्ह. गरोदर सुनेच्या कागदावर ‘ओ पॉझिटिव्ह’ पाहून धास्तावलेल्या सासूबाई मी पाहिल्या आहेत. वास्तविक येथे काळजी घ्यावी लागते ती निगेटिव्ह रक्तगटाच्या मातेची. पोटातील बाळ पॉझिटिव्ह असण्याचा संभव असल्यास तिला अँटी-डी इंजेक्शन वेळेवर मिळाले पाहिजे. म्हणजे ज्या कागदावर निश्चिंत व्हावे तेथे घरचे घाबरतात, आणि जेथे सावध व्हावे तेथे ‘निगेटिव्ह आले, बरे झाले’ म्हणून उठून जातात.

प्रयोगशाळेच्या भाषेत पॉझिटिव्हचा अर्थ इतकाच, की जे शोधले ते आढळले. रोग आहे, संसर्ग पसरतो आहे, किंवा उपचार हवाच, यांपैकी काहीही त्या शब्दात सामावलेले नाही. कोविडच्या साथीत २०२० मध्ये हे आपण सर्वांनी अनुभवले. विषाणूचे निर्जीव अवशेष नाकात उरले तरी आर.टी.-पी.सी.आर. कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकत असे; पण त्या एका शब्दाने शेजाऱ्यांची दारे बंद होत.

त्यातही प्रत्येक पॉझिटिव्ह खराच असतो असे नाही. समजा, एखादा आजार हजारात दहा जणांना आहे. तपासणी अशी, की आजारी माणसांपैकी ९० टक्के ती ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. हजार जणांची तपासणी केल्यास दहापैकी नऊ रुग्ण सापडतील. परंतु ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे पन्नास जणही पॉझिटिव्ह ठरतील. एकूण एकोणसाठांपैकी खरे आजारी नऊच. म्हणूनच एच.आय.व्ही.सारख्या निदानात एका तपासणीवर न थांबता निरनिराळ्या पद्धतींच्या तीन तपासण्या जुळल्यावरच निष्कर्ष दिला जातो.

सिकलसेल : शब्दाची खरी किंमत

आपल्या धार जिल्ह्यात या शब्दाची सर्वांत मोठी किंमत मोजली जाते ती सिकलसेलच्या बाबतीत. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे झाला, आणि आदिवासी भागांतील तपासणीला वेग आला. प्राथमिक तपासणी बहुधा सोल्युबिलिटी चाचणीने होते. ही चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ते एका पालकाकडून आले की दोघांकडून, हे सांगत नाही. एकाकडून आले असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक, सामान्यतः पूर्ण निरोगी. दोघांकडून आले असेल तर तो आजार. वेदनांचे झटके, पंडुरोग आणि वारंवार रुग्णालय. कागदावर मात्र दोघांपुढेही ‘पॉझिटिव्ह’ हाच शब्द. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. केल्यावर.

ठरत आलेले लग्न या एका शब्दावर थांबल्याचे मी पाहिले आहे. मुलगी धडधाकट, शेतात दिवसभर राबणारी. पुढील तपासणीत ती वाहक निघाली. परंतु तोवर फळ्यात ‘तिला रोग आहे’ ही बातमी पोहोचली होती, आणि मुलाच्या रक्ताची तपासणी कोणीच केली नव्हती. वस्तुतः प्रश्न तोच होता. मुलगा वाहक नसेल, तर त्यांच्या अपत्याला हा आजार होण्याचे कारण नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक. एवढी दोन वाक्ये वेळेवर सांगितली गेली असती, तर निर्णय काहीही झाला असता तरी तो समजून झाला असता.

यावर उपाय साधा आहे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की पॉझिटिव्ह हा शब्द उच्चारल्यावर वाक्य तेथे संपवू नये. काय आढळले, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय करावयाचे, हे रुग्णाच्या भाषेत सांगावे. मग आपल्याला काय समजले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे. समाजबांधवांनीही हा शब्द कानी पडताच घाबरू नये वा हर्षित होऊ नये. ‘डॉक्टरसाहेब, नेमके काय सापडले?’ असे निःसंकोच विचारावे. ‘ठेवणे’ हा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. तपासणीत आढळलेले सत्य रुग्णापुढे नीट मांडून ठेवणे, हेच आपले काम होय.